छापण्याआधी वाचणारा हवा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आत्ता माझी ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि लेखिका' अशी करून दिली. पहिल्या भागाचं सर्टिफिकेट घरी आहे. दुसऱ्याचं नाही, कारण माझी कादंबरी अजून छापलेली नाही. मला आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

ऑफिस आणि घर आटोपून तीन वर्षं रात्री लिहीत होते. १८० पानं झाली. तीन प्रकाशकांकडे पाठवली. एकाने दोन ओळींत नकार कळवला. दुसऱ्याकडून आठ महिन्यांत उत्तर नाही. तिसऱ्याचा फोन आला, "मॅडम, कादंबरी फार छान आहे. साठ हजार भरा, दिवाळीपर्यंत पुस्तक हातात." मी विचारलं, "तुम्हाला कोणतं प्रकरण आवडलं?" पलीकडे शांतता.

पैसे होते. घरचेही म्हणाले, भरून टाक, हौस तर होईल. मी भरले नाहीत. त्याचं कारण आपल्या नागपुरातच आहे.

आशा बगे यांचा जन्म १९३९ चा. त्यांची कथा 'सत्यकथा'त आली तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती, म्हणजे आज आपण आहोत त्याच वयाच्या होत्या. पुढे २००६ मध्ये 'भूमी' कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये जनस्थान. महेश एलकुंचवार मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, नागपुरात इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ मध्ये 'सत्यकथा'तच आली. ती विजया मेहतांच्या नजरेत भरली आणि रंगमंचावर गेली.

मासिक मुंबईचं, लेखक नागपूरचे. दोघांनाही गाव सोडावं लागलं नाही. पुस्तकाच्या आधी एखादी छोटी गोष्ट, आणि तिच्या आधी एक कडक संपादक, असा तो रस्ता होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काटेकोर वाचनाबद्दल आजही बोललं जातं. आमच्या क्षेत्रातही दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोड पुढे जात नाही. साठ हजारांत कागद, शाई, बाइंडिंग मिळालं असतं. हा तपासणारा मिळाला नसता.

'सत्यकथा' सगळ्यांना सामावून घेत होती असंही नाही. अनेकांना ते दार बंद वाटलं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मित्रांनी १९५५ मध्ये 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. तेव्हा स्वतः छापण्यात कमीपणा नाही. पण तिथेही एकट्याने पैसे भरून सुटका करून घेतलेली नव्हती, सोबत लिहिणारे-वाचणारे मित्र होते. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. तो संपादक आता आपला आपणच शोधायचा आहे.

मी कादंबरीतलं एक प्रकरण वेगळं काढलं, कथा म्हणून नीट केलं आणि दोन दिवाळी अंकांना पाठवलं. एका संपादकांनी कळवलं, "शेवटची दोन पानं काढा. कथा त्याआधीच संपली आहे." दोन दिवस मी चिडून होते. तिसऱ्या दिवशी पानं काढली आणि कथा एकदम उभी राहिली. ती छापून आली. मानधन नव्हतं, अंक टपालाने घरी आला. पण कोणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं. त्यानंतर कादंबरीवर तशीच कात्री चालवली. आता ती १४० पानांची आहे.

तुमच्यापैकीही कोणी कपाटात वह्या लपवून ठेवल्या असतील. त्यांना सांगते, एकदम पुस्तकाच्या मागे लागू नका. आधी एक कथा पाठवा. दिवाळी अंक आहेत, विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी' आहे. आणि पैसे मागणाऱ्याला प्रकरणाचं नाव जरूर विचारा.

आता माझी मागणी. कादंबरीच्या तीन प्रती आणल्या आहेत. एक आमच्या मराठीच्या बाईंसाठी. बाई, निबंधात चालवायचात तोच लाल पेन घ्या. उरलेल्या दोन अशा दोघांना, जे कंटाळा आला त्या पानावर तारीख घालून प्रत परत करतील. ज्यांना नुसतं 'छान आहे' म्हणायचं आहे, त्यांनी सरळ सांबारवडीच्या रांगेत उभं राहावं. ती खरोखरच छान आहे.