चर खणल्यानंतर

अभियंता बंधुभगिनींनो,

देशाचं इंटरनेट शासनाने उभारावं की खासगी उद्योगाने, हा वाद आपल्या व्यवसायात कितीतरी वर्षं चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे. जिथे गिऱ्हाईक कमी, तिथे चर खणायला पैसा शासनाने घालावा, त्या तारेवरचा धंदा सगळ्यांना खुला ठेवावा, आणि तार तुटली की कोणी धावायचं हे आधीच ठरवावं. या शेवटच्या गोष्टीची आपण फार हेळसांड केली.

इंटरनेट या देशात आणलं ते शासनाने. 1986 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हे संगणक जाळं सुरू झालं. आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतलं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांना त्याने जोडलं. त्यात नफा दिसेल असा व्यापारी तेव्हा कुठून मिळणार होता? 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकाला जोडणी दिली. पण पुढे त्याच निगमाची मक्तेदारी वाढीच्या आड आली. 1998 च्या नोव्हेंबरात ती संपली आणि सायबर कॅफे गल्लोगल्ली दिसू लागले. 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटाचे भाव कोसळले. हे श्रेय खासगी उद्योगाचं. ते देताना हात आखडता घेऊ नये.

मात्र कंपनी जाते गिऱ्हाईक असेल तिथे. मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर ती आपणहून फायबर नेणार नाही. म्हणून तर दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून 5 टक्के घेऊन सार्वत्रिक सेवा निधी उभा केला. त्याच्या बळावर 2011 साली सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याची योजना मंजूर झाली. आज तिला आपण भारतनेट म्हणतो.

पहिल्या टप्प्यात तालुक्यापर्यंत आधीचीच केबल वापरली आणि तिथून गावाकडे नवी टाकली. रचना बहुतेक ठिकाणी सरळ रेषेतली, दुसरी वाट नाही. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीचा एक दात लागला की पलीकडची सगळी गावं बंद. तूट शोधणं अवघड नसतं. ओटीडीआर हे मोजयंत्र लावलं की ती किती मीटरवर आहे ते पडद्यावर दिसतं. स्प्लायसिंग मशिनमध्ये केसासारखी दोन टोकं समोरासमोर बसवली की सांधा व्हायला काही मिनिटं पुरतात. दिवस जातात ते वेगळ्याच कामात. रस्ता सार्वजनिक बांधकामचा की जिल्हा परिषदेचा? खणायची परवानगी कोण देणार? ज्याने केबल टाकली त्याचं कंत्राट चालू आहे का? तोवर जन्माच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेली बाई हात हलवत परत जाते. तिला तार सरकारी की खासगी याच्याशी काय देणंघेणं!

2023 च्या ऑगस्टमध्ये 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात रिंग रचना आहे, म्हणजे एक वाट तुटली तरी दुसरी उरते, आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही आहे. उशिरा का होईना, हे शहाणपण आलं, याचं मी स्वागत करतो.

आता प्रश्न अंमलबजावणीचा, आणि तिथे आपण बसलेलो आहोत. निविदेच्या अटी लिहिणारे आपल्यातलेच, कंत्राट घेणारे आपल्यातलेच, मोजमाप वहीवर सही करणारेही आपल्यातलेच. किती किलोमीटर केबल टाकली यावर पूर्ण बिल निघत राहिलं, तर पुन्हा तेच होईल. रकमेचा मोठा हिस्सा जोडणी किती तास चालू राहिली यावर द्यावा, आणि हे तास ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लागावेत. तसा ठराव या संमेलनाने आजच मंजूर करावा, अशी मी आपणा सर्वांना कळकळीची विनंती करतो.