तापीकाठची आमची सायकलफेरी

 

येत्या रविवारी आम्ही बायका सारंगखेड्याहून प्रकाशाला सायकलने जाणार आहोत. दरवर्षी संक्रांतीनंतर, रथसप्तमीच्या आधीचा रविवार आम्ही यासाठी राखून ठेवतो. दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार उलगलेला असतो, सारंगखेडा निवांत झालेलं असतं. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. एखादा तरणा पोरगा ते दीड-दोन तासांत कापेल. आम्हाला चार तास लागतात. आम्ही ते कमी करायच्या मागेही लागत नाही.

कारण ही शर्यत नाही. पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. नियम तीनच आहेत. सगळ्यांत सावकाश चालवणारी सगळ्यांत पुढे, बाकीच्या तिच्या मागे. जिचा हात चांगला बसलाय ती सगळ्यांत शेवटी, पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन. आणि एकीची सायकल थांबली, की सगळ्यांच्या थांबतात.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई रडवेली होऊन आली. कर्जाच्या कागदावर सही करायला बँकेत जायचं होतं. सकाळची काळी-पिवळी चुकली, दुसरी भरेना, आणि पोचेपर्यंत बँकेची वेळ संपली. दिवसाची मजुरीही बुडाली. कोणीतरी म्हणालं, "अगं, तुझ्या पोरीची सायकल आहे ना घरात?" ती म्हणाली, "माले येत नही." मग एकेक जण तेच म्हणायला लागली. बैठकीत अठरा जणी होतो. सायकल यायची तिघींना.

आणि सायकली मात्र होत्या! आपल्या जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकल मिळते. त्या सायकलीने किती मुलींची शाळा टिकली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण बारावी झाली की ती सायकल कोणाची? मुलगी सासरी जाते, नाहीतर शिकायला नंदुरबारला, धुळ्याला जाते. सायकल भावाकडे येते. तो तिच्यावर दुधाच्या कॅन लावतो. मग त्याची मोटरसायकल येते आणि सायकल गोठ्यात जाते. दोन पावसाळे गेले की चेन गंजते, टायर चिरतं, आणि भंगारवाला किलोवर मोजून नेतो. आम्ही उठून गोठे पाहिले. कडब्याच्या मागे, खताच्या गोण्यांखाली सायकली निघाल्या.

शिकलो आम्ही खळ्यावर, दिवेलागणीनंतर, कोणी पाहू नये म्हणून. शिकवणाऱ्या आठवी-नववीतल्या मुली आणि शिकणाऱ्या त्यांच्या आया, मावश्या. एक मुलगी आईवर ओरडायची, "चाकाकडे नको बघू, समोर बघ!" आई म्हणायची, "ओरडू नको, तुला चालायला शिकवताना मी ओरडले होते का?" शिकायची एक सोपी रीत सांगतो. सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पहिले दोन दिवस पॅडलला पायच लावायचा नाही. किंचित उताराच्या जागी बसून पायाने ढकलत जायचं, तोल सापडेपर्यंत. तोल सापडला की पॅडल. मग सीट हळूहळू वर.

आम्हाला वाटत होतं, हे वेड आमचंच. मग कळलं की तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991च्या सुमाराला साक्षरतेच्या चळवळीने अक्षरांबरोबर सायकलही शिकवली होती. शीला राणी चुंकथ या तिथल्या कलेक्टर होत्या. सायकलीसाठी बायकांना कर्ज मिळावं म्हणून त्यांनी बँकांमागे लकडा लावला. पाहता पाहता तिथल्या लाखभर बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली मिळेनात, तर बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, मधला दांडा असलेल्या. पाणी आणायला, माल विकायला, पोराला दवाखान्यात न्यायला त्या सायकलवर जाऊ लागल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे.

पण शिकणं एक आणि टिकणं दुसरं. पहिल्या वर्षी हिवाळ्यात शिकलेल्यांपैकी निम्म्या जणींच्या सायकली पावसाळ्यात पुन्हा गोठ्यात गेल्या. सायकल पडून राहिली की पहिली हवा जाते, आणि हवा भरायला कोणाला तरी सांगावं लागलं की बाईचा विषय तिथेच संपतो. म्हणून आम्ही वर्षातला एक दिवस ठरवला. जानेवारीत प्रकाशाला जायचं म्हटलं की डिसेंबरात चेनला तेल पडतं. ब्रेकचे रबर बदलले जातात. फाटलेली ट्यूब बदलायला गटाच्या हप्त्यातून चार पैसे बाजूला पडतात. आणि सायकल एकदा चालती झाली की ती बाजारालाही जाते, अंगणवाडीलाही जाते. फेरी एका दिवसाची, पण तिच्यामुळे वर्षभर सायकल जिवंत राहते.

अमेरिकेत ओहायो राज्यात सायोटो नदीच्या खोऱ्यातून अशीच दरवर्षीची फेरी होती. 1962 साली एक बाप आणि त्याचा मुलगा, चार्ल्स आणि ग्रेग सिपल, कोलंबसहून पोर्ट्समथला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. दोन दिवसांत सव्वातीनशेहून जास्त किलोमीटर! पुढे त्यात हजारो माणसं येऊ लागली. ती फेरी मे महिन्यात मातृदिनाच्या शनिवार-रविवारी व्हायची. हे ऐकून आमच्यातली एक आजी म्हणाली, "मातृदिनाला बाप-लेक सायकलवर, मग आई कुठे होती?" आमच्या फेरीत आई सायकलवर असते, एवढं नक्की.

आता रस्त्याचं. आम्ही उजाडल्यावरच निघतो. ऊन पाठीवर, डावीकडे तापी, उजवीकडे लांबवर सातपुड्याची निळी रेघ. तापी सारखी दिसत नाही. रस्ता शिवारात शिरतो, ऊस, केळी, पपईच्या बागा लागतात, आणि मग एखाद्या वळणावर पाणी चमकतं. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली ही नदी 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. आमच्या वाट्याला तिचा हा एवढासा काठ. सारंगखेडा आणि प्रकाशा, दोन्हीकडे बॅरेज आहेत. त्यामुळे हिवाळ्यातही पाणी थांबलेलं, भरलेलं दिसतं.

शिवाररस्त्याला बाभळीचे काटे फार. पंक्चर काढायला घाबरायचं कारण नाही. ट्यूब बाहेर काढा, हवा भरा, पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील ती जागा. ती कोरडी करून घासा, सोल्यूशन लावा, ते सुकू द्या आणि मगच पॅच दाबा. घाई केली की पॅच सुटतो. आणि एक विसरू नका: ट्यूब परत घालण्याआधी टायर आतून जपून चाचपा. काटा तिथेच असेल तर पुढच्या वळणावर पुन्हा उतरावं लागेल. हे आम्ही दोनदा उतरल्यावर शिकलो. साडी असेल तर काष्टा घाला किंवा पदर कमरेला घट्ट खोचा. ओढणी मागे गाठ मारून बांधा. मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी सहसा बोलली जात नाही. चार तासांच्या वाटेवर बायकांनी जायचं कुठे? पहिल्या वर्षी निम्म्या जणी सकाळपासून पाणीच प्यायल्या नाहीत आणि एकीला चक्कर आली. आता अर्ध्या वाटेवरचं एक घर आम्ही आधी विचारून ठेवतो. त्या घरच्या माउलीने संडासही मोकळा ठेवला आणि चहाही ठेवला. गेल्या वर्षापासून तिची सूनही आमच्याबरोबर निघते.

आता अवघड गोष्ट. तिसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकीला अपघात झाला. उसाचे दिवस. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून ती रस्त्यावर वळली आणि मागची ट्रॉली तिच्या लक्षात आली नाही. ती चरात पडली, हात मोडला. जिवावरचं हातावर निभावलं. पण त्या संध्याकाळी घराघरात एकच बोलणं झालं: "आता पुरे." ज्यांनी आधी हसून दुर्लक्ष केलं होतं, त्यांनाही बोलायला जागा मिळाली. खरं सांगायचं तर आम्हीही घाबरलो. पुढच्या वर्षी दोघी आल्या नाहीत, त्या अजून आलेल्या नाहीत. त्यांना आम्ही दोष देत नाही.

फेरी बंद करायची का, यावर आमच्या तीन बैठका झाल्या. शेवटी हात मोडलेली ताईच म्हणाली, "खुरपताना विळा लागला तर शेत सोडतो का आपण?" आम्ही फेरी चालू ठेवली, पण रीत बदलली. आता आम्ही मोठ्या रस्त्याचा तुकडा शक्य तितका टाळतो. एकामागे एक चालतो, दोघी शेजारी कधीच नाही. मागे चकाकणारी पट्टी आणि लाल कापड. मोठं वाहन आलं की उतरून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, आणि सगळ्या ट्रॉल्या मोजून गेल्याशिवाय पुन्हा चढायचं नाही. त्या वर्षी ती ताई टेम्पोतून प्रकाशाला आली आणि घाटावर तिळगूळ वाटत बसली. त्याच्या पुढच्या वर्षी ती सायकलवर आली. सगळ्यांत पुढे, कारण सगळ्यांत सावकाश तीच होती.

प्रकाशा म्हणजे आपली दक्षिण काशी, तापी आणि गोमाईचा संगम. इथे 1955 साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या वस्तीच्या खुणा निघाल्या. म्हणजे या काठावर बायका हजारो वर्षं पाण्याला येत आहेत. आम्ही केदारेश्वराच्या घाटावर सायकली लावतो, भाकरी-ठेचा सोडतो आणि हळदीकुंकू करतो. ते सगळ्यांचं. नवरा असलेली, नसलेली, टाकलेली, न लग्न केलेली, कोणालाही वगळायचं नाही. पहिल्या वर्षी एका विधवा मावशीने कपाळ मागे घेतलं होतं. आम्ही कुंकवाचं बोट तसंच धरून उभ्या राहिलो. थोड्या वेळाने ती स्वतःच पुढे झाली. वाण म्हणून स्टीलची वाटी नाही. पॅच, सोल्यूशनची नळी आणि घासायला काचपेपरचा तुकडा.

आता आमची एक विनंती आहे, आणि ती आयांना आणि बापांना आहे. यंदा आमच्याबरोबर एक नवी सून येणार आहे. तिची शाळेतली सायकल तिने माहेरहून मागून आणली. मागताना तिला लाज वाटली, भाऊही जरा नाराज झाला. आम्हाला वाटतं, तिला मागायला लागायलाच नको होतं. मुलीच्या लग्नात तुम्ही आंदण म्हणून भांडी देता, कपाट देता, कर्ज काढून देता. ते नका देऊ. पण जी सायकल तिच्याच नावाने घरात आली, ती तिच्याबरोबर जाऊ द्या. नव्या गावात तिला दवाखाना, बँक, बाजार, माहेर, सगळीकडे कोणाच्या तरी मागे बसून जावं लागतं. सायकल असली तर निदान पाच किलोमीटरचं जग तिच्या हातात राहतं.

रविवारी यायचं असेल तर सारंगखेड्याच्या दत्त मंदिराजवळ सकाळी सात वाजता या. सायकल येत नसेल तर टेम्पोत बसून या, पुढच्या वर्षी शिकून या. आणि यायचं जमणार नसेल, तरी आज गोठ्यात जाऊन सायकल बाहेर काढा आणि हवा भरून बघा, टिकते का.

नमस्कार.