करारात कामाबरोबर कौशल्यही लिहावे

गावच्या नळयोजनेवर कर्मचारी नेमताना करारात पुष्कळदा एकच ओळ असते : "पाणीपुरवठ्याची कामे करणे." परंतु स्टार्टरमधील दोष काढणे, व्हॉल्व्ह फिरवून वस्तीवार पाणी सोडणे आणि टीसीएल पावडरची योग्य मात्रा देऊन ओटी चाचणी घेणे, ही तीन भिन्न कौशल्ये होत. त्यांचा उल्लेख नसेल, तर विजेचे ज्ञान नसलेला मनुष्य पेटी उघडून जीव धोक्यात घालतो. आणि जाणकार मनुष्य अकुशल मजुराच्या वेतनावर राबतो.

१९४८ च्या किमान वेतन अधिनियमाखालील अधिसूचनांत कुशल, अर्धकुशल व अकुशल असे वर्ग केले जात. २०१९ च्या वेतन संहितेत अतिकुशल वर्गाचाही उल्लेख आहे. मात्र कामाचे स्वरूपच करारात स्पष्ट नसेल, तर वर्ग ठरवावयाचा कशावरून?

यास्तव प्रत्येक कामापुढे आवश्यक कौशल्य, त्याचा पुरावा व वेतनाचा वर्ग नोंदवावा. पुरावा म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे वीजतंत्री किंवा तारतंत्री प्रमाणपत्र, अथवा प्रत्यक्ष चाचणी ग्राह्य धरावी. केवळ "अनुभवी" हा शब्द पुरेसा नाही. काय करता आले पाहिजे, ते लिहावे. त्यातूनच गावाला निर्धोक पाणी मिळेल आणि कामगाराला त्याच्या हुन्नराचे मोल.