गाथेची वही कोणाची?



 माझं शिक्षण चौथी. चुकलंमाकलं पदरात घ्या.

शेताला सातबारा असतो. जमीन कुणाची होती, कुणाकडं गेली, ते फेरफारात सापडतं. पोथीला सातबारा नसतो. तरी आज आपण तुकोबारायांच्या गाथेचा फेरफार काढून बघू.

मूळ धनी तुकोबाराय. वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या, ही कथा तुम्ही कीर्तनात शंभरदा ऐकली. शके १५७१ ला महाराज वैकुंठाला गेले. मग वह्या कुणाकडं राहिल्या? एक वही देहूला वंशजांनी सांभाळली. तिला भिजकी वही म्हणतात. ती महाराजांच्याच हातची, अशी देहूकरांची श्रद्धा. दुसरीकडं चाकणचे संताजी जगनाडे. तेलाचा घाणा चालवणारा टाळकरी, पण अभंग लिहून घेतले, आणि त्या वह्या त्यांच्या घराण्यात राहिल्या. म्हणजे बघा, वारसा रक्ताकडंही गेला आणि टाळाकडंही गेला.

दोनशे वर्षं उलटली. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारनं २४,००० रुपये मंजूर केले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या एकमेकींशी ताडून गाथा तयार केली. इंदुप्रकाश छापखान्यात पहिला भाग १८६९ साली निघाला, दुसरा १८७३ साली. साडेचार हजारांवर अभंग! पुढं ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजींच्या वह्या छापल्या. ज्यांच्या घरी वह्या होत्या त्यांनी त्या दाखवल्या, म्हणून हे झालं. पेटीत दडवल्या असत्या तर?

पेटीत दडवण्याचं पाप मी केलंय. आमच्या घरात आज्यानं पंढरपुरातनं आणलेली छापील गाथा होती. पहिल्या कोऱ्या पानावर आज्याचं नाव मोडीत, खाली बापाचं. वाटणी झाली. खाचरं निम्मी निम्मी झाली, गाथेचे दोन तुकडे कसे करणार? ती मी ठेवली. थोरल्या भावानं पारायणाला मागितली. "फाटंल" म्हणून मी दिली नाही. कुलूप लावून माळ्यावर टाकली. आपल्या वेल्ह्याचा पाऊस तुम्हाला माहीत हाय. चार वर्षांनी पेटी उघडली, तर मागची पानं वाळवीनं खाल्लेली. भाऊ तोवर गेला होता. इंद्रायणीनं राखलं, ते माझ्या कुलपानं घालवलं.

म्हणून हात जोडून सांगतो. जुनी पोथी नीरेत सोडू नका. कोरड्या सुती कापडात बांधा, पावसाळा सरला की सावलीत वारा द्या, चिकटपट्टी लावू नका. ती कुणाकडनं आली ते वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवा. हस्तलिखित असेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या जाणकारांना दाखवा. १९१० पासून तिथं हेच काम चालतं.

उरलेली गाथा मी आज दिंडीच्या स्वाधीन करतो. तिच्यासोबतच्या कागदावर भावाचं नाव लिहिलंय. जो पारायणाला बसंल, त्यानं ती घरी न्यावी. तेवढ्या दिवसांचा धनी तो.

रामकृष्ण हरी!