सूर्यप्रकाश व शेतकऱ्याची कमाई

(शेतकरी व बलुतेदार मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



ज्याच्या उन्हात तुम्ही उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबता, त्या सूर्याविषयी आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत. त्याच्याविषयी आजवर आपणांस पुष्कळ ऐकविण्यात आले. ग्रहण लागले, दान द्या. संक्रांत आली, दान द्या. अर्घ्य कोणत्या मंत्राने द्यावे आणि तो मंत्र म्हणण्याचा अधिकार कोणास, याचा काथ्याकूट शेकडो वर्षे चालला. परंतु कणसात दाणा भरतो तो सूर्य नेमके काय करून भरतो, हे एकाही भिक्षुकाने आपल्या बापजाद्यांस सांगितले नाही. त्यास स्वतःस ते ठाऊक नव्हते, हे एक कारण. आणि आपणांस विचारण्याची सवय लागू दिली नाही, हे दुसरे.

विचारणारा एक गृहस्थ युरोपात होऊन गेला. त्याचे नाव व्हान हेल्मॉन्ट. झाड एवढे वाढते ते काय खाऊन, असा त्यास प्रश्न पडला. त्याने कुंडीत दोनशे पौंड वाळलेली माती तोलून घातली, पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे नुसते पाणी दिले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती पुन्हा वाळवून तोलली, तो ती अवघी दोन औंस कमी! हे त्याच्या मागे १६४८ साली छापले गेले. झाड पाण्याचेच बनते असा त्याने निवाडा दिला, तो अर्धाच खरा ठरला. १७७१ साली इंग्लंडात प्रीस्टली याने, मेणबत्ती जळून विझलेल्या हवेत पुदिन्याची काडी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. पुढे १७७९ साली इंगेनहौस याने दाखविले की, हे काम झाडाचा हिरवा भागच करतो आणि तोही उजेडातच करतो.

आता गोष्ट उघड झाली. पान हवेतील कर्बवायू आत घेते, मुळांकडून पाणी घेते आणि सूर्यकिरणांच्या बळावर दोहोंची साखर बनविते. उरलेला प्राणवायू बाहेर सोडते. तोच तुम्ही-आम्ही श्वासात घेतो. त्या साखरेचाच पुढे दाणा, कडबा, लाकूड, सरकीतील तेल व कापसाचा धागा होतो. कडब्याची पेंढी जाळून पाहा. मुठीत राहील ती राख आणि धुरात गेला तो थोडा नत्र, एवढेच मातीचे देणे. बाकी सारी पेंढी हवा, पाणी आणि ऊन यांची. म्हणून माती कमी मोलाची, असे कोणी समजू नये. मूठभर राखेतले ते क्षार नसतील तर पान पिवळे पडते आणि कारखानाच बंद होतो. ताली-बंधारे घालून पाणी व गाळ शेतातच राखावा, असे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना सांगितले, त्यातील शहाणपण यावरून ध्यानी येईल.

सर्व पाने सारख्या हुशारीने काम करीत नाहीत. गव्हाचे, भाताचे, हरभऱ्याचे पान कडक उन्हात चुकते. कर्बवायूऐवजी प्राणवायूच धरून बसते आणि केलेली कमाई थोडी गमावते. ज्वारी, बाजरी, मका व ऊस यांच्या पानांत शिरांभोवती वेगळ्या पेशींची ओळ असते. तेथे कर्बवायू दाबून भरला जातो आणि ती चूक होत नाही. तेवढेच वाळके वजन तयार करण्यास ज्वारीला गव्हाच्या सुमारे निम्मे पाणी पुरते. आमच्या माणदेशी माणसाने भाकरी धरली ती अडाणीपणाने नव्हे! (ऊसही त्याच जातीचा, मग तो विहिरी का कोरड्या पाडतो? तर तो बारा-अठरा महिने शेतात उभा राहतो म्हणून.)

बलुतेदार म्हणतील, हे झाले कुणब्याचे, आमचे काय? लोहारदादा, तुमच्या भात्यापुढे जळणारा कोळसा हे साठविलेले ऊनच. कुंभाराचा आवा पेटतो तो उन्हाने वाढलेल्या काटक्यांवर. तेल्याचा बैल घाण्याभोवती फिरतो तो कडब्याच्या जोरावर. मायबहिणींनी अंगणात कुरडया वाळवल्या, तेथे तर ऊन हातोहात कामास लागले. चंद्रपूरचा दगडी कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडांचा. कोयनेची वीज पावसाच्या पाण्याची, आणि समुद्राचे पाणी ढगांत चढविणारा सूर्यच. तारापूरची अणूची वीज तेवढी यातली नव्हे. ती सूर्याची मिंधी नाही.

मग उन्हाकडून थेट यंत्र का चालवू नये? हा प्रश्न आपल्या मुंबईतही एकाने हाती घेतला. हायकोर्टातील अधिकारी विल्यम ॲडम्स याने कुलाब्यात सपाट आरसे मांडून त्यांचे ऊन एका बाष्पपात्रावर पाडले आणि वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालविला. १८७८ साली त्याने यावर पुस्तकही छापले. पुढे १९१३ साली अमेरिकेच्या फ्रँक शूमन याने इजिप्तमध्ये कैरोजवळ उन्हाच्या वाफेने नाईलचे पाणी कापसाच्या शेतास चढविले. लगेच १९१४ चे महायुद्ध आले, नंतर खनिज तेल स्वस्त झाले आणि ते यंत्र मागे पडले. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा, म्हणजे वाळूतून काढलेल्या मूलद्रव्याचा, घट बनला. त्यास वाफ नको, आरसा नको. किरण पडला की विद्युत्कण हलतात आणि वीज वाहू लागते. हिरव्या पानातही किरण प्रथम विद्युत्कणासच धक्का देतो. तेथून पुढे दोघांची वाट निराळी.

हिशेब पाहा. भर दुपारी मीटरभर लांब व मीटरभर रुंद जागेवर सुमारे एक हजार वॉट, म्हणजे सव्वा अश्वशक्तीहून अधिक जोर पडत असतो. पीक त्यातील शेकडा एक-दोन हिस्साच साठविते. आजची पाटी शेकडा वीसच्या आसपास वीज देते. पाच अश्वशक्तीच्या पंपाच्या पाट्यांस सुमारे पाव गुंठा जागा लागते. पण पान बियातून आपले आपण उगवते आणि कमाई दाण्यात साठविते. पाटी विकत घ्यावी लागते आणि सूर्य मावळताच रिकामी होते.

रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा बॅटरी घेऊन, साप-विंचू तुडवीत दारे धरण्याचे दिवस ज्यांनी काढले, त्यांस दिवसाच्या विजेचे मोल मी काय सांगावे? महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना काढली. तीत शेतकऱ्याचा वाटा शेकडा दहा, अनुसूचित जाती-जमातींचा पाच. २०२३ च्या सौर वाहिनी योजनेत जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षास सव्वा लाख रुपये व दरसाल शेकडा तीन वाढ ठरविली. ह्या गोष्टी चांगल्या. परंतु ऊन फुकट असले तरी उन्हाभोवती दलाल फुकट फिरत नसतात. कागद शाळेत जाणाऱ्या पोराकडून, शक्य तर पोरीकडून, मोठ्याने वाचून घ्या. भाडे कोणत्या तारखेस मिळणार, मुदत किती वर्षांची, मुदतीनंतर पाया उकरून जमीन कोण साफ करून देणार, पाटी फुटली तर कोण बदलणार, हे त्यात नसेल तर सही करू नका. दुसरी गोष्ट विहिरीची. विजेचे बिल थांबले की पंप दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो, आणि भूगर्भातील पाणी काही सूर्य रोज भरून देत नाही.

सभेत एका बंधूने विचारले की, ढगाळ दिवशी काय करावे? उजेड असतो तोवर थोडी वीज बनते, पंप मंद चालतो किंवा थांबतो. म्हणून उघडीप असताना हौद भरून ठेवावा. पाट्यांचे तोंड दक्षिणेकडे असावे. धूळ पहाटे, पाटी गार असताना, साध्या पाण्याने पुसावी. बांधावरच्या बाभळीची सावली एका पाटीवर पडली तरी तिच्याबरोबर जोडलेल्या इतर पाट्यांचेही काम मंदावते. आणि वैशाखात ऊन कडक म्हणून वीजही सर्वांत जास्त, असे धरून चालू नका. पाटी फार तापली की तिची वीज थोडी घटते, तिला उजेड हवा असतो, उष्मा नव्हे.