वस्त्रावरील वारली चित्रें

प्रवासाहून परतणाऱ्याच्या पेटींत त्या स्थळाची एखादी खूण असावी, ही रीत जुनीच आहे. पंढरपुराहून बुक्का व तुळशीची माळ येई. काशीहून गंगेचा गडू येई. आतां या खुणांत छापील सदरे, साड्या व भिंतीवर लावावयाचीं चित्रपत्रकें यांची भर पडली आहे. महाराष्ट्राची आठवण म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंवर पुष्कळदां एकच देखावा आढळतो: मध्यें तारपा वाजविणारा, आणि त्याच्या भोंवतीं वळसे घेत नाचणारीं, त्रिकोणी अंगाचीं पांढरीं माणसें.

हीं माणसें पालघर जिल्ह्यांतील वारली वस्त्यांमधून आलेलीं आहेत. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत कुडाची भिंत शेणानें सारवून तिला गेरूचा हात देतात. तांदुळाचें पीठ पाण्यांत कालवून, टोंक चेंचलेल्या बांबूच्या काडीनें तिच्यावर रेघा ओढतात. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन एवढ्या भांडवलावर माणूस, पक्षी, झाड, शेत सारें उभें राहतें.

या कलेचें मूळ लग्नकार्यांत आहे. लग्नघरीं सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागीं पालघाट देवी असते. तिच्या साक्षीवांचून विवाह पुरा झाला असें मानीत नाहींत. अर्थात् हें चित्र प्रथम पूजेचें, आणि मग पाहण्याचें.

१९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुळकर्णी यांनीं या वस्त्यांत कागद व रंग नेले, आणि भिंतीवरची कला बाहेरच्या जगास दिसूं लागली. स्त्रियांच्या हातीं असलेल्या या कलेस जिव्या सोमा म्हसे यांनीं आपलें आयुष्य वाहिलें. मासेमारीचें जाळें, पेरणी, नृत्य हे विषय त्यांनीं कागदावर व कापडावर आणले. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले.

पुढें कारखान्यांनीं या आकृति उचलल्या. ज्या सदऱ्यास वारली हात लागलेला नाहीं, त्यावरही वारली नांव झळकूं लागलें. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळालें, तें हें नांव राखण्यासाठींच. परंतु दुकानांत गिऱ्हाइकानें चौकशीच केली नाहीं, तर कायदा एकटा काय करणार?

पारख फारशी अवघड नाहीं. छापाच्या कापडावर तोच नाच वीतभर अंतरानें हुबेहूब पुन्हां येतो. हातानें काढलेल्या चित्रांत रेघ कोठें जाड, कोठें बारीक असते, आणि एका नर्तकासारखा दुसरा नसतो. छापील वस्त्र घेऊंच नये असें नाहीं. तें स्वस्त असतें, आणि आवडीनें वापरावें. मात्र भेट म्हणून वारली चित्र द्यावयाचें असेल, तेव्हां तें कोणी काढलें व कोणत्या पाड्यावर काढलें, एवढें दुकानदारास अवश्य विचारावें. उत्तर मिळालें, तर तें नांव भेटीबरोबर लिहून द्यावें. चित्रकाराच्या घरीं चार पैसे पोंचतील, आणि घेणाऱ्याच्या घरीं पालघाट देवीची गोष्टही पोंचेल.