शरीराचं अस्तर

शिंप्याचं कसब कोटाच्या अस्तरावरून कळतं. वरचं कापड कितीही उंची असो, आत अस्तर नसेल तर बाहीत हात सरकत नाही. आपल्या शरीरालाही असं अस्तर आहे. छातीत फुप्फुसावरण, हृदयाभोवती हृदयावरण, पोटात उदरावरण. उदरावरणाचा उपयोग तर मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं रक्त शुद्ध करायलाही होतो. पोटात द्रव सोडायचा, काही तास ठेवायचा आणि काढून घ्यायचा. गाळणीचं काम हा पडदा करतो.

पण मला बोलायचंय ते फुप्फुसावरणाबद्दल. हा पडदा सलग, तरी दुपदरी. फुप्फुसाला बिलगून जातो आणि मुळाशी वळून बरगड्यांना आतून लागतो. दोन पदरांमध्ये चमचा-दोन चमचे ओलावा, बस्स. दोन ओल्या काचा एकमेकींवर सरकतात, पण ओढून सुट्या होत नाहीत, तसं हे. दिवसाकाठी आपण सुमारे २०,००० श्वास घेतो. दर वेळी छाती फुलते आणि फुप्फुस तिच्यामागे ओढलं जातं, ते या ओलाव्याच्या भरवशावर.

आम्ही कवी काळजातल्या कळेवर ओळी रचतो. फुप्फुसाला मात्र टोचलेलं कळत नाही, त्याला बिलगलेल्या पदरालाही नाही. कळतं ते बरगड्यांकडच्या पदराला. म्हणून आवरण सुजलं की खोल श्वासाला, खोकल्याला, शिंकेला बरगडीत चमक मारते. लोक म्हणतात उसण भरली. शेक घेतात, बाम चोळतात.

आणि काही दिवसांत दुखणं कमी होतं! फसगत होते ती इथं. कित्येकदा सुजलेल्या पदरांमध्ये पाणी साचलेलं असतं, त्यामुळे ते एकमेकांवर घासत नाहीत, एवढंच. चमक गेली, पण जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी बारीक ताप येतो. छातीत पाणी झालं म्हणतात ते हेच. आपल्याकडे त्यामागे बऱ्याचदा क्षय असतो. तो आवरणात असला तर थुंकीत जंतू सापडतीलच असं नाही. तेवढ्या तपासणीवर निश्चिंत होऊ नये. छातीचा फोटो काढावा लागतो, सुईनं पाणी काढून तपासावं लागतं. पाणी काढल्यावर माणसाला इतकं मोकळं वाटतं, की पुढची औषधं नकोशी होतात. ती साधारण सहा महिने घ्यायची असतात. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आजार रेंगाळला तर दोन्ही पदर जाड होऊन एकमेकांना चिकटतात आणि फुप्फुस पुन्हा पुरतं फुलत नाही.